झुंबरशेठचं दुखणं

झुंबरशेठ बुडाले ते छतामुळे. त्यांच्या दुकानाचं छत शाबूत होतं. लोकांच्या घरांची छतं खाली आली होती. वडिलांच्या काळात घरं उंच असत, आणि उंच छताला मधोमध काहीतरी लोंबकळत असलं की घर भरल्यासारखं वाटे. पुढे इमारती वर चढत गेल्या आणि छतं खाली उतरत आली. झुंबरं विकणाऱ्या माणसानं हे सगळ्यांच्या आधी ओळखायला हवं होतं. पण झुंबरशेठचा स्वभाव असा, की गिऱ्हाईक 'नको' म्हणालं की ते त्याहून मोठं झुंबर दाखवत. मोठी वस्तू पाहिली की माणसाला मोठं घर घ्यायची बुद्धी होते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या भरवशावर त्यांनी कर्ज काढून दुकान मालानं भरलं. लोकांना काही बुद्धी झाली नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरातही त्यांनी जाहिरात म्हणून पितळी फांद्यांचं, काचेच्या लोलकांचं एक अजस्र झुंबर टांगलं होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं. पाहुण्याला सोफ्यापर्यंत जायचं तर वाकूनच जावं लागे, त्यामुळे त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस फार नम्र वाटायचा. इमारतीतल्या बऱ्याच बिऱ्हाडांनी भिडेखातर त्यांच्याकडून लहानमोठी झुंबरं घेतली होती आणि तीही आपापल्या घरात वाकून फिरत.

एक कर्ज फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं, असं करता करता शेवटी कर्ज द्यायला कोणी उरलं नाही. मग वकील गाठला. वकील म्हणाला, नादारीचा अर्ज करा. फेडायला आपल्यापाशी काही नाही हे कोर्टात कबूल करायचं, जे आहे ते कोर्टाच्या हवाली करायचं आणि उरलेल्या देण्यातून मोकळं व्हायचं. कायद्यानंच दिलेली सोय आहे, चोरी नव्हे.

झुंबरशेठना एकच विचारायचं होतं. "कोणाला कळेल का?"

वकिलानं सांगितलं, की कोर्टाच्या फळ्यावर एक कागद लागेल. 'फळा' म्हटल्याबरोबर झुंबरशेठची पाचावर धारण बसली आणि पुढचं त्यांना काही ऐकूच आलं नाही. पुढे वकील म्हणत होता, की ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्यांना नोटिसा जातील, घरी कोर्टाचा माणूस येऊन सामान बघेल, पण तो कोणापाशी ब्र काढणार नाही, त्याला तशी सक्त मनाई असते.

त्यांच्या भीतीला कारण होतं. तळमजल्यावर पूर्वी एक शिंपी राहायचा. त्याचं दिवाळं निघालं आणि तो बिऱ्हाड हलवून गेला. त्यालाही बरीच वर्षं झाली. पण त्या घरात नंतर राहायला आलेल्या, भाडं वेळेवर भरणाऱ्या, कोणाचं काडीचंही देणं नसलेल्या माणसाला लोक अजून 'बुडीतवाले' म्हणत. भिंतींनासुद्धा दिवाळं लागतं, अशी त्या इमारतीची समजूत होती.

वकिलाची कचेरी ज्या इमारतीत होती, तिच्या खालच्या सगळ्या मजल्यांवर डॉक्टर होते. अर्ज दाखल झाला त्या दिवशी झुंबरशेठ कागदांचं मोठं खाकी पाकीट काखेत मारून, तोंडात मारल्यासारखा चेहरा करून जिना उतरले, तर दारातच मुख्याध्यापिकाबाई उभ्या. या बाई त्यांच्या समोरच्या दारात राहत, शाळेतून निवृत्त झाल्यापासून इमारतीच्या अध्यक्ष होत्या आणि इमारत शाळेसारखीच चालवत. त्या डोळे तपासायला आल्या होत्या. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना सगळं धूसर दिसत होतं. पण दुसऱ्याचं दुःख त्यांना धुक्यातूनही दिसे.

"तुम्ही इथे?" बाईंनी विचारलं.

"हो. जरा दाखवायला आलो होतो."

बाईंनी पाकिटाकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या पाकिटात फोटो असतात, तेही हाडांचे नाहीतर छातीचे, हे त्यांना माहीत होतं. त्यांचा आवाज खाली आला.

"काय निघालं?"

आता, निघालं होतं दिवाळं. ते ओठांवर आलंही होतं. झुंबरशेठ तेवढा शब्द गाळून म्हणाले, "निघालंय खरं."

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी झुंबरशेठना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. वास्तविक दिसत नव्हतं ते बाईंना.

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी पसरली. झुंबरशेठची थोरली बहीण आक्का दोन गल्ल्या पलीकडे राहायची, तिच्याही कानावर गेली आणि ती धापा टाकत आली. खरं काय ते ऐकल्यावर आधी तिनं देवाचे आभार मानले, मग कपाळाला हात लावला. बायकोचं म्हणणं होतं, की सरळ खरं सांगून टाकावं. रोज उठून रडकं तोंड करायला आपल्याला जमणार नाही. आक्कानं तिला गप्प केलं.

"दुखणं माणसाला होतं," ती म्हणाली. "दिवाळं माणूस काढतो. दुखण्याला लोक फळं घेऊन येतात, दिवाळ्याला काय घेऊन येतील? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू आजारी आहेस. कोणाला ताकास तूर लागू देऊ नकोस."

"पण कसला आजार सांगायचा?" झुंबरशेठनी विचारलं.

"नाव सांगायचंच नाही. नाव सांगितलं की लोक औषध सांगतात."

आक्काचं गणित अचूक निघालं. आजाराचं नाव घेत नाहीत म्हणजे तो नाव घेण्यासारखा नाही, हे लोकांनी आपलं आपणच ताडलं आणि जिन्यात आवाज खाली आले. मुलांना खेळायला मागच्या अंगणात पिटाळलं गेलं. बाई रोज वाटीभर सूप आणून देत, कोपऱ्यावरचा किराणावाला सफरचंदं पाठवून देई. दुसरा कोणी केळी, तिसरा कोणी पपई. या किराणावाल्याचीही झुंबरशेठकडे चांगली जुनी उधारी होती, पण तो त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हता. 'आधी बरे व्हा' एवढंच म्हणायचा. गेल्या कित्येक महिन्यांत झुंबरशेठच्या घरात इतकं खाणं आलं नव्हतं. चहात पुन्हा साखर पडू लागली. काळजीनं पूर्वी जे मांस झडलं होतं, ते आता दुखण्यात भरून आलं. गाल वर आले. सदऱ्याची बटणं ताणू लागली, तेव्हा आक्कानं बाहेर सांगून टाकलं, की सूज चढत्ये. दुसऱ्या दिवसापासून सूप वाटीऐवजी भांडं भरून येऊ लागलं.

झुंबरशेठना हे सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं असतं, पण त्यांना झोप लागेना. बाई सूप देताना त्यांच्याकडे अशा काही नजरेनं बघत, की आपण एखाद वेळी खरंच आजारी असलो तर बरं, असं त्यांच्या मनात येई. एकदा तर त्यांनी गुपचूप ताप मोजून पाहिला. नव्हता.

आणि मग कोर्टाचा माणूस आला.

किडकिडीत, हळू बोलणारा, हातात काळी बॅग. जिन्यातच त्याला बाईंनी गाठलं आणि कोणाकडे जायचंय, काय काम आहे ते विचारलं. तिसऱ्या मजल्यावर, एवढं तो म्हणाला. कामाचं सांगायची त्याला मनाई होती.

"ते मला सांगता येत नाही, बाई. गोपनीय असतं. एक केस बघायला आलोय."

बाईंनी बॅगेकडे पाहिलं आणि कठड्याला धरून त्याच्या जवळ सरकल्या.

"फार गंभीर आहे का हो केस?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू? कागदांवरून तरी अवघडच दिसते."

"वाचवता येईल ना?"

कोर्टाचा माणूस सज्जन होता आणि त्याला त्याच्या कामाचं मनापासून वाईट वाटे. तो म्हणाला, "लोक फार उशिरा येतात हो. लाजतात. सुरुवातीलाच आले असते तर पुष्कळ वाचवता आलं असतं."

बाईंचे डोळे भरून आले. त्या वाक्याची प्रत संध्याकाळपर्यंत प्रत्येक बिऱ्हाडात पोहोचली.

घरात शिरताना कोर्टाचा माणूस वाकला, तरी एक लोलक त्याच्या टाळक्यात बसलाच. डोकं चोळत तो एकेक वस्तू बघू लागला. सोफा दाबून पाहिला, कपाट ठोकून पाहिलं, फ्रीज उघडून त्यातल्या सफरचंदांच्या राशीकडे जरा वेळ बघत राहिला. झुंबरशेठ शेजारी हात बांधून उभे होते. तेवढ्यात बाई सुपाचं भांडं घेऊन आत आल्या आणि डॉक्टर सोफ्याखाली पालथे पडलेले पाहून दारातच थबकल्या. रोगी बाजूला उभा, आणि तपासणी चाललीय सोफ्याची.

झुंबरशेठची बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. बाईंना वाटलं, रडायला. आक्का मात्र डगमगली नाही. "नवीन पद्धत आहे ही," तिनं कुजबुजत सांगितलं. "माणसाला हातसुद्धा लावत नाहीत. घरात कशामुळे झालं ते आधी शोधतात."

बाई भारावल्या. आजवर आपल्या रक्तदाबाचं मूळ कोणी शोधलं नाही, सगळे नुसत्या गोळ्या देतात, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी कोर्टाच्या माणसालाच विचारलं, "सापडलं का कारण?"

त्यानं अंगावरची धूळ झटकली, वर झुंबराकडे पाहिलं आणि नकळत सुस्कारा टाकला. "कारण उघड आहे," तो म्हणाला. "झुंबरांनीच झालंय हे."

तो त्याच्या परीनं सत्यच बोलला. पण बोलून गेल्यावर आपण गोपनीयतेचा नियम मोडला की काय, या भीतीनं त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि तो पांढरा चेहरा पाहून बाईंचा उरलासुरला संशय फिटला.

काही दिवसांनी कोर्टाच्या हुकमानं हमाल आले आणि झुंबर उतरवून घेऊन गेले. मागोमाग सोफा गेला, मोठं कपाट गेलं. लोक आपापल्या दारांत उभे राहून बघत होते. एरवी ज्या दृश्यानं झुंबरशेठचं नाक कापलं जायचं, ते दृश्य लोक अदबीनं बघत होते. एकानं तर हमालांना तोंडाला रुमाल बांधा म्हणून सुचवलं. हमालांनी बांधले.

झुंबर गेलं ते लोकांच्या डोळ्यांसमोरून, डोक्यातून मात्र जाईना. ज्यांच्या घरात झुंबर होतं त्यांची त्या रात्रीपासून जेवणावरची वासना उडाली. कोणाला लोलकांतून उजेड पडला की डोळ्यांपुढे काजवे दिसू लागले, कोणाची पाठ दुखू लागली. पाठ दुखत होती ती वाकून चालल्यामुळे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आठवड्याभरात एकेका बिऱ्हाडानं आपलं झुंबर उतरवलं आणि पुढच्या अंगणात नेऊन ठेवलं. कोणी त्यावर चिठ्ठी लावली, 'कृपया घेऊन जाणे'. ढीग झाला. सकाळच्या उन्हात तो असा झगमगायचा, की येणारीजाणारी माणसं थांबून बघत आणि मग कोणीतरी सांगितल्यावर घाईघाईनं पलीकडच्या बाजूनं जात.

इकडे कोर्टानं दुकानातल्या मालाचा लिलाव ठरवला होता. बाहेरगावचा एक मोठा व्यापारी बोली लावायला येणार होता, त्याच्यावर वकिलाची सगळी भिस्त. दुकान झुंबरशेठच्या इमारतीसमोरच्याच रस्त्याला होतं. व्यापारी आला, अंगणातला ढीग त्याच्या नजरेस पडला, चिठ्ठी वाचली, दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि टेंपो बोलावून सगळी झुंबरं फुकटात भरून घेऊन गेला. जाताना बाईंनी त्याला, बिचाऱ्याला काय होणार आहे याची कल्पना नाही, म्हणून हातमोजे दिले. लिलावाला तो फिरकलाच नाही. दुकानातली झुंबरं शेवटी मोडीच्या भावात पितळ म्हणून गेली.

वकील झुंबरशेठवर असा तापला, की ते खरोखर आजारी पडायचे राहिले. सोंगं सगळी आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं वाडवडील म्हणून गेले. पण दुखण्याचं सोंगही इतकं महाग पडतं हे कोणी सांगून ठेवलं नव्हतं. झुंबरशेठ घरी येऊन मोकळ्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. बायको शेजारी येऊन बसली.

"अहो, आता पुरे," ती म्हणाली. "मला परवा जिन्यात हसू आलं, तर बाई म्हणाल्या, दुःखानं असं होतं."

झुंबरशेठनी मान हलवली. आता सांगून टाकायचं असं ठरलं. कधी आणि कसं, तेवढंच ठरायचं होतं, ते बाईंनी परस्पर ठरवलं. इमारतीनं त्यांच्या उपचारांसाठी वर्गणी जमवली होती. ती देण्यासाठी तळमजल्यावरच्या इमारतीच्या सामाईक खोलीत सभा बोलावली गेली, आणि अशा प्रसंगी वैद्यकीय सल्ला हाताशी असावा म्हणून बाईंनी डॉक्टरांनाही निरोप धाडला. कोर्टाच्या माणसाला कुठल्यातरी कागदावर झुंबरशेठची सही हवीच होती, म्हणून तो सरळ मनानं आला.

बाईंनी भाषण केलं. माणसानं माणसाच्या उपयोगी पडावं, वगैरे. पाकीट पुढे केलं. पाकीट जाड होतं. त्यात निवृत्त माणसांचे पैसे होते, नुकतं लग्न झालेल्यांचे होते, 'बुडीतवाल्यां'चेही होते. झुंबरशेठ उठले. दोघांनी त्यांना आधार दिला.

"मला हे घेता येणार नाही," ते म्हणाले. "मला कसलाही आजार नाही. माझं दिवाळं निघालंय. मी कोर्टात नादारीचा अर्ज केलाय. हे गृहस्थ डॉक्टर नाहीत, कोर्टाचे आहेत. माझं सामान जप्त झालंय. मी इतके दिवस तुमचं सूप खोटं बोलून प्यायलो."

झुंबरशेठनी डोळे मिटून घेतले. आता कोणीतरी थुंकेल, कोणीतरी शिंप्याचं नाव काढेल, असं त्यांना वाटलं. त्याऐवजी त्यांना हुंदका ऐकू आला.

"डोक्यापर्यंत गेलं," बाई पुटपुटल्या.

झुंबरशेठनी डोळे उघडले. सगळी सभा त्यांच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघत होती. त्यांनी घाईघाईनं खिशातून कोर्टाचा कागद काढला, शिक्का दाखवला, तारीख दाखवली. बाईंनी तो कागद न वाचता हळुवार घडी घालून पुन्हा त्यांच्या खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "हो हो. कागद आहे. आम्ही पाहिला. बसा तुम्ही."

मग त्या कोर्टाच्या माणसाकडे वळल्या. "असे भास होतात का हो यात?"

कोर्टाचा माणूस कात्रीत सापडला होता. एकीकडे सत्य, एकीकडे नोकरी. "मला या केसबद्दल काहीही बोलता येत नाही," तो म्हणाला, आणि झुंबरशेठनी त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की त्याला राहवेना. "एवढंच सांगतो. या अवस्थेत त्यांनी कोणाकडूनही पैसे घेणं बरोबर नाही. घेतले तर सगळं आणखी चिघळेल."

"पथ्य आहे," मागून कोणीतरी समजावून सांगितलं. "पैशाचं पथ्य."

ते सगळ्यांना पटलं. पाकीट परत बाईंकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरशेठ पेटून उठले. आपली इतकी वर्षांची अब्रू आपण उघड्यावर आणून टाकली आणि ती कोणी उचलूनही बघत नाही, याचा त्यांना अपमान वाटला होता. ते थेट कोपऱ्यावर गेले, कारण किराणावाला हिशेबी माणूस, त्याला तरी पटेल. तो साखर तोलत होता. झुंबरशेठनी त्याला एका दमात सांगितलं, की मी आजारी नाही, नादार आहे, तुमची उधारी बुडाली.

"माहीत आहे की," किराणावाला तागडीवरची नजर न हलवता म्हणाला. "मला कोर्टाची नोटीस कधीच आली. पहिलं सफरचंद पाठवलं त्याच्याही आधी."

झुंबरशेठना दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. "मग ती सफरचंदं?"

"नरम पडली होती. नाहीतरी टाकलीच असती." त्यानं साखरेची पुडी बांधली. "आणि असं बघा शेठ, तुमचे पैसे गेलेच. ते मी बोंबलून सांगितलं असतं तर उधारीची बाकीची गिऱ्हाइकं विचारती, हे सुटले ते कसे, आम्हालाही सांगा. त्यापेक्षा तुम्ही आजारी बरे."

पुडी बाजूला ठेवून किराणावाला दुसरीकडेच बघत बोलला.

"शिंप्याच्या वेळी मी बोललो होतो. सगळ्यांना सांगितलं होतं. मग त्याची बायको माझ्या दुकानावरून जाताना छत्री आडवी धरायची. ऊन नसलं तरी. मला ते बरं वाटलं नव्हतं."

झुंबरशेठ बराच वेळ पायरीवर बसून राहिले. गिऱ्हाइकं आली, गेली. प्रत्येकानं तब्येतीची चौकशी केली आणि ते प्रत्येकाला 'ठीक आहे' म्हणाले.

त्यानंतर एक साधी अडचण उभी राहिली. झुंबरं काढून टाकल्यापासून इमारतीतली निम्मी घरं अंधारात होती. लोक मेणबत्त्या लावून जेवत होते. नवीन दिवा लावायचा तर छताला पडलेलं भगदाड बुजवायचं, तारा सोडवायच्या, आणि ही जोडणी कशी केलीय ते फक्त एकाच माणसाला माहीत होतं. शेवटी बाईंनीच त्यांचं दार वाजवलं आणि चाचरत विचारलं, की झेपणार असेल तर. वर्गणीचे पैसे जे पडून होते त्यातून मजुरी द्यायची असं त्यांनी सुचवलं; पथ्य मोडत नाही ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या म्हणाल्या. झुंबरशेठनी वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, हातानं कमावून खायला कोणाची ना नाही, फक्त मला सांगत जा.

झुंबरशेठ शिडीवर चढले. ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या डोक्यावर पितळेचं ओझं टांगलं, ते आता छताला चिकटून बसणारे बशीएवढे चपटे दिवे लावू लागले. छत ठेंगणं आहे याचं त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं, कारण शिडीच्या दोनतीन पायऱ्या चढलं की हात पोचायचा. ज्या घरात दिवा लागे, तिथली माणसं आधी वाकूनच आत येत आणि मग हळूहळू सरळ होत. पाठदुखी गेली. तेव्हा लोकांनी हात जोडून कबूल केलं, की डॉक्टर म्हणाले तेच खरं, झुंबरांनीच होत होतं. शेजारच्या इमारतीतूनही बोलावणी आली. एवढं आजारी माणूस शिडीवर चढतं कसं, असं कोणी विचारलं की आक्का सांगे, व्यायाम सांगितलाय.

कोर्टात शेवटची तारीख लागली, तेव्हा झुंबरशेठ नवीन सदरा घालून गेले. न्यायाधीशांनी मान वर न करता कागद उलटला, काहीतरी भरभर वाचलं आणि पुढची केस पुकारली. झुंबरशेठ उभेच. शेजारच्यानं कोपरानं ढोसून सांगितलं, झालं तुमचं, सुटलात. इतकी वर्षं ज्या घटकेला ते भीत आले होते, ती शिंक यावी तशी येऊन गेली. आणि तो फळा? बाहेर फळ्यासमोर एक बाकडं आडवं टाकलेलं होतं आणि त्यावर एक पट्टेवाला फळ्याला पाठ टेकून डबा खात बसला होता.

कोर्टाच्या माणसानं त्यांना व्हरांड्यात गाठून हात मिळवला. मग इकडेतिकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या समोरच्या बाई मला फोन करून रक्तदाबाचं विचारतात. मी मीठ कमी करा म्हणालो. चुकलं नाही ना?"

चुकलं नव्हतं. बाईंचा रक्तदाब बराच खाली आला होता.

झुंबरशेठ बरे झाले, असं इमारतीनं मानलं. ते मात्र तेव्हापासून आडपडदा ठेवत नाहीत. नवीन ओळख झाली की दुसऱ्याच वाक्याला सांगतात, की माझं दिवाळं निघालं होतं, रीतसर कोर्टातून सुटलोय. आणि बाई जवळपास असल्या तर त्या पाहुण्याला बाजूला घेऊन समजावतात, की फार मोठ्या दुखण्यातून उठलेत, मधूनच दिवाळ्याचं काढतात, मनावर घेऊ नका.

परवा चौथ्या मजल्यावर एक नवीन भाडेकरू आला. माशांच्या काचपेट्या विकण्याचा त्याचा धंदा. झुंबरशेठ त्याच्याकडे दिवा लावायला गेले, सवयीप्रमाणे आपलं सगळं सांगून टाकलं, आणि सामान बघायला आलेल्या बाईंनीही सवयीप्रमाणे आपलं सांगितलं. बाई गेल्या. भाडेकरू शिडी धरून उभा राहिला. खोलीत रिकाम्या काचपेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. मासा एकही नव्हता.

"त्या बाई म्हणाल्या, तुम्हाला भास होतात," तो म्हणाला.

"म्हणतात खऱ्या."

भाडेकरूनं दार लोटून घेतलं. "तुमच्या त्या भासात," त्यानं हळूच विचारलं, "अर्ज करायला वकील किती घेतो?"

झुंबरशेठ शिडीवरून उतरले, एका काचपेटीवर बसायला जाणार होते, पण ती त्यांचं वजन पेलेल असं वाटेना. मग दोघं जमिनीवरच बसले.